गावाच्या पैशाचं वाचनालय

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात पीटरबरो नावाचं गाव आहे. मोनॅडनॉक डोंगराच्या परिसरात, दोन लहान नद्या मिळतात तिथे वसलेलं. १८३३ साली गावाची वस्ती दोन हजारांच्या आसपास होती. नदीच्या पाण्यावर सुताच्या आणि कापडाच्या गिरण्या चालत, बाकीचे लोक शेती करत. त्या वर्षी ९ एप्रिलला गावसभा भरली आणि सभेनं एक निर्णय घेतला. राज्याकडून गावाच्या वाट्याला येणाऱ्या पैशातला काही भाग पुस्तकांसाठी ठेवायचा, ती पुस्तकं गावाच्या मालकीची राहतील आणि गावातला कोणीही माणूस ती विनामूल्य घरी नेऊ शकेल. सार्वजनिक पैशावर उभं राहिलेलं, सर्वांना फुकट खुलं असलेलं आणि आजतागायत चालू असलेलं पहिलं गाववाचनालय म्हणून पीटरबरोचं नाव घेतलं जातं ते या निर्णयामुळे.

छोट्या गावाच्या वाचनालयाचा इतिहास लिहिताना आपल्याकडे संस्थापकांची नावं, कोनशिलेची तारीख, ग्रंथसंख्या आणि शताब्दीचा समारंभ एवढ्यावर भागतं. स्मरणिका चाळल्या तर हाच क्रम दिसतो. या व्याख्यानात विचारायचा प्रश्न वेगळा आहे. वाचनालयाचा खर्च कोणी उचलला, आणि त्यामुळे त्याचं दार कोणाकोणाला उघडं राहिलं? हा प्रश्न जमाखर्चाचा वाटतो, पण वाचनालयाच्या सगळ्या इतिहासाची गाठ त्यात आहे. पीटरबरो, रत्नागिरी, बडोदा, आणि आजचं महाराष्ट्रातलं कुठलंही तालुक्याचं गाव, या सगळ्यांना तो सारखाच लागू पडतो.

पीटरबरोकडे पैसा आला कुठून, ही हकीकत ऐकण्यासारखी आहे. त्या राज्यात डार्टमथ नावाचं जुनं खासगी महाविद्यालय होतं. १८१६ मध्ये राज्याच्या विधिमंडळानं ते ताब्यात घेऊन त्याचं सरकारी विद्यापीठ करायचा घाट घातला. विश्वस्त न्यायालयात गेले आणि १८१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं राज्याविरुद्ध निकाल दिला. मग राज्यानं ठरवलं की आपलं स्वतंत्र महाविद्यालय काढू. त्यासाठी १८२१ मध्ये बँकांच्या भांडवलावर अर्धा टक्का कर बसवला आणि त्या रकमेला ‘साहित्य निधी’ असं नाव दिलं. महाविद्यालय काही झालं नाही. निधी मात्र साचत राहिला. अखेर १८२८ मध्ये विधिमंडळानं तो गावागावांत वाटून टाकायचं ठरवलं. अट अशी की पैसा गावातल्या मोफत शाळांसाठी किंवा ‘शिक्षणाच्या इतर कामांसाठी’ वापरावा.

बहुतेक गावांनी तो शाळांवर घातला. पीटरबरोनं कायद्यातल्या त्या शेवटच्या शब्दांकडे नीट पाहिलं. वाचनालय हे शिक्षणाचंच काम आहे असा अर्थ गावसभेनं लावला. वाचनालयासाठी कोणी वेगळा कायदा केला नव्हता, कोणी आदेशही दिला नव्हता. गावाच्या हातात अधिकार होता आणि तो वापरायची इच्छा होती.

ही इच्छा जागी करणारा माणूस होता एबियल ॲबट, गावातल्या युनिटेरियन पंथाच्या चर्चचा धर्मोपदेशक. १७६५ मध्ये जन्मलेला हा माणूस साठी ओलांडल्यावर, १८२७ मध्ये, पीटरबरोला आला. आधीच्या गावातून त्याला धर्ममतांवरून झालेल्या वादामुळे बाहेर पडावं लागलं होतं. इथे आल्यावर त्यानं मुलांसाठी वाचनालय काढलं, व्याख्यानं आणि चर्चा होतील असं मंडळ काढलं, भाग घेऊन सभासद होणाऱ्यांचं एक वेगळं वाचनालयही उभं केलं. यापैकी प्रत्येक प्रयत्नाची मर्यादा त्याला दिसली असणार. भागधारकांच्या वाचनालयात भाग विकत घेणारेच येणार. गिरणीत काम करणाऱ्या मुलीला, शेतमजुराला तिथे जागा नाही. गावसभेच्या निर्णयानं हा अडसर दूर झाला.

पहिली पुस्तकं ठेवली गेली ती स्मिथ आणि टॉम्पसन यांच्या दुकानात. त्याच दुकानात गावाचं टपालघर होतं. लोक मीठ-साखर न्यायला, पत्र आलं का पाहायला येत आणि येता-जाता पुस्तक घेऊन जात. वाचनालयाला स्वतःची इमारत मिळाली ती थेट १८९३ मध्ये, म्हणजे साठ वर्षांनी. तिचा आराखडा जॉर्ज मॉरिसन यांनी केला. मिसूरी आणि मिसिसिपी या महानद्यांवर रेल्वेचे पूल बांधणारा हा नामांकित अभियंता, त्याच्या घराण्याची मुळं पीटरबरोत होती. साठ वर्षं इमारत नसताना वाचनालय टिकलं ही गोष्ट आपल्याकडच्या कार्यकर्त्यांनी मुद्दाम लक्षात घ्यावी. आपल्याकडे पुष्कळदा उलट झालेलं दिसतं. आमदार निधीतून किंवा देणगीतून इमारत उभी राहते, उद्घाटन होतं, आणि पुस्तकं कोण देणार, दिवा कोण लावणार, हे ठरलेलंच नसतं.

पीटरबरोच्या आधी वाचनालयं नव्हती असं नाही. बेंजामिन फ्रँकलिननं फिलाडेल्फियात १७३१ मध्ये काढलेलं वाचनालय प्रसिद्धच आहे, पण ते वर्गणीदारांचं होतं. कनेक्टिकटमधल्या सॉल्सबरी गावानं १८१० मध्ये मुलांच्या वाचनालयासाठी गावाचा पैसा दिला होता, त्यामुळे पहिलेपणाचा मान कोणाचा यावर अमेरिकेत वाद आहे. तो वाद त्यांचा त्यांनी सोडवावा. महत्त्वाचं हे की पीटरबरोनं घालून दिलेला पायंडा पुढे कायदा झाला. १८४९ मध्ये न्यू हॅम्पशायरनं गावांना वाचनालयासाठी कर बसवण्याची परवानगी देणारा कायदा केला, अमेरिकेतल्या राज्यांमध्ये पहिला. शेजारच्या मॅसॅच्युसेट्सनं १८५१ मध्ये तसाच कायदा केला. इंग्लंडमध्ये १८५० साली कायदा आला खरा, पण तो फार हात आखडून केलेला होता. दहा हजारांहून जास्त वस्तीच्या शहरांनाच तो लागू, कर पौंडाला अर्धा पेनी, आणि त्या पैशातून इमारत बांधता येईल, नोकर ठेवता येतील, पुस्तकं मात्र घेता येणार नाहीत. पाच वर्षांनी ही चूक दुरुस्त करावी लागली.

याच पायंड्याचा फायदा पुढे अँड्र्यू कार्नेगी यांनी घेतला. पोलादाच्या धंद्यात अमाप पैसा मिळवलेल्या या गृहस्थानं जगभर अडीच हजारांवर वाचनालयांच्या इमारतींना पैसे दिले, त्यांतली सोळाशेवर अमेरिकेत. पण प्रत्येक गावाला त्यांची अट होती. जागा गावानं द्यायची, आणि इमारतीसाठी मिळालेल्या रकमेच्या दहा टक्के इतका खर्च दरवर्षी गावानं आपल्या करातून करायचं कबूल करायचं. काही गावांनी ही अट नको म्हणून देणगी नाकारली. कार्नेगींच्या संपत्तीबद्दल आणि कामगारांशी ते कसे वागले याबद्दल कठोर बोलायला जागा आहे. या अटीबद्दल मात्र आदरच वाटतो. देणगीनं भिंती उभ्या राहतात, वाचनालय चालतं ते दरवर्षीच्या तरतुदीवर, हे त्यांना नेमकं कळलं होतं.

आता आपल्याकडे येऊ. रत्नागिरीचं वाचनालय १८२८ सालचं, म्हणजे पीटरबरोच्या पाच वर्षं आधीचं. आजचं रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालय त्याचाच वारसा सांगतं. पणजीत १५ सप्टेंबर १८३२ ला पोर्तुगीज राजवटीनं सार्वजनिक ग्रंथालय स्थापन केलं. पुढे धर्मसंघ बरखास्त झाल्यावर त्यांच्या मठांतली पुस्तकं त्यात आली. आज ते कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय म्हणून ओळखलं जातं. १८३२ च्याच जानेवारीत बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ हे वृत्तपत्र सुरू झालं. अहमदनगरचं जिल्हा वाचनालय १८३८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. ही साल-यादी वाचली की एक गोष्ट पटते. वाचनालयाच्या कल्पनेला आपल्याकडे उशीर झाला नव्हता. कोकणातलं बंदराचं गाव आणि अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातलं गिरणीचं गाव एकाच सुमारास पुस्तकांची कपाटं मांडत होती.

फरक पडला तो पैशाच्या वाटेत. आपल्याकडची त्या काळातली बरीच वाचनालयं ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या नावानं सुरू झाली. इंग्रज अधिकारी आणि गावातले शिकलेले लोक एकत्र यायचे, थोडी सरकारी मदत, थोडी संस्थानिकांची किंवा धनिकांची देणगी, आणि रोजचा खर्च वर्गणीवर. पुण्याच्या वाचनालयाच्या उभारणीत समाजसुधारक लोकहितवादी होते. शिरस्तेदार, वकील, मास्तर, मामलेदार यांच्या वर्गणीवर ही वाचनालयं वाढली. मराठी छापील पुस्तकंच तेव्हा मोजकी होती, त्यामुळे कपाटांत इंग्रजी पुस्तकं भरपूर. ज्याला इंग्रजी येत नाही आणि वर्गणी परवडत नाही, अशा माणसासाठी तिथे काही नव्हतं.

या पार्श्वभूमीवर ठाण्याचं काम उठून दिसतं. १ जून १८९३ रोजी विनायक लक्ष्मण भावे यांनी तिथे मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केलं. भावे तेव्हा अवघे एकवीस वर्षांचे होते. मराठीत जे जे छापलं गेलं ते ते एका ठिकाणी जमवायचं, हा त्यांचा संकल्प. पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणाऱ्या या माणसानं जुन्या पोथ्यांमागे गावोगाव पायपीट केली, १९०३ पासून ‘महाराष्ट्र कवि’ हे मासिक काढून जुन्या कवींच्या रचना छापल्या. ठाणं तेव्हा आजच्यासारखं महानगर नव्हतं, मुंबईजवळचं शांत गाव होतं. तिथे फक्त मराठी पुस्तकांचं ग्रंथालय काढायचं हे त्या काळात धाडस होतं. पाच वर्षांनी, १८९८ मध्ये, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय उभं राहिलं. मराठी भाषेचा छापील ठेवा आज ज्या प्रमाणात हाताशी आहे त्यात या दोन संस्थांचा आणि त्यांच्यासारख्या अनेक लहान वाचनालयांचा वाटा मोठा आहे. विदर्भात, खानदेशात, मराठवाड्यात, बेळगावात अशीच माणसं होती. पदरमोड करून पुस्तकं आणणारी, संध्याकाळी नोकरीवरून सुटल्यावर देवघेवीच्या टेबलाशी बसणारी, दिवाळी अंकांची बांधणी स्वतः करणारी. या माणसांच्या निष्ठेबद्दल बोलावं तितकं थोडंच आहे.

पण निष्ठेवर उभी राहिलेली संस्था त्या माणसांच्या वर्तुळाएवढीच मोठी होते. वर्गणीदारांचं वाचनालय कायद्यानं त्या मंडळाचं असतं. सभासद कोण करून घ्यायचं, वाचनकक्षात कोणी बसायचं, हे मंडळ ठरवतं. ज्या गावात पाणवठे वेगळे होते त्या गावातल्या पुस्तकांच्या कपाटापर्यंत सगळे सारखेच पोचत होते असं मानणं भाबडेपणाचं ठरेल.

इथे महाडची आठवण ठेवली पाहिजे. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सार्वजनिक शाळा, न्यायालयं, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गांना खुले असावेत, असा त्याचा आशय. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. प्रत्यक्षात काही बदललं नाही, म्हणून २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. नगरपालिकेनं नंतर ठराव मागे घेतला, दावे चालले, आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनं लागला. माणुसकीचा हक्क हा त्या लढ्याचा गाभा होता. पण बोले ठरावानं धरलेलं सूत्रही तितकंच नेमकं आहे. जिथे सार्वजनिक पैसा लागतो तिथे प्रवेशाचा हक्क सगळ्यांचा. वाचनालयांचा उल्लेख त्या ठरावात नव्हता, कारण बहुतेक वाचनालयं सार्वजनिक म्हणवली तरी सार्वजनिक पैशावर नव्हती. तळ्यासाठी जो हक्क मागता आला तो पुस्तकांच्या कपाटासाठी त्याच जोरानं मागायला आधारच नव्हता.

मराठी माणसानं या प्रश्नाला दिलेलं सर्वांत चांगलं उत्तर महाराष्ट्राबाहेर, बडोद्यात घडलं. सयाजीराव गायकवाड नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. १८७५ मध्ये वयाच्या बाराव्या वर्षी ते दत्तक म्हणून बडोद्याला आले तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानाला लागू केला. त्यातून नवी अडचण समोर आली. चार यत्ता शिकलेलं मूल शेतावर परतलं की काही वर्षांत अक्षरं विसरतं, कारण घरात आणि गावात वाचायला काही नसतं. म्हणजे शाळेवर केलेला खर्च वाया जाऊ द्यायचा नसेल तर गावात पुस्तक हवं. वाचनालय ही शिक्षणाची पुढची पायरी आहे, हा पीटरबरोच्या गावसभेनं लावलेला अर्थ सयाजीरावांनी आपल्या वाटेनं शोधून काढला.

अमेरिकेच्या प्रवासात त्यांनी तिथली वाचनालयं पाहिली होती. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन यांना बडोद्याला बोलावलं. बॉर्डन न्यू हेवनच्या वाचनालयाचे प्रमुख. अमेरिकी ग्रंथपाल मेल्विल ड्यूई यांनी कोलंबिया महाविद्यालयात काढलेल्या ग्रंथपालनाच्या शाळेत त्यांनी शिकवलं होतं. न्यू हेवनही त्याच न्यू इंग्लंड भागातलं. पीटरबरोनं जिथे वाट पाडली तिथूनच बडोद्याला माणूस आला असं म्हणायला हरकत नाही. बॉर्डन तीन वर्षं राहिले. त्यांनी ग्रंथालय खातं उभं केलं, ग्रंथपालनाचे वर्ग सुरू केले. महाराजांनी आपला वीस हजार ग्रंथांचा खासगी संग्रह मध्यवर्ती ग्रंथालयाला देऊन टाकला. बॉर्डन यांच्यानंतर ही धुरा जनार्दन सखाराम कुडाळकरांकडे आली. ग्रंथालयांना वाहिलेलं ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक बडोद्याहून इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघत होतं. ग्रंथपालांसाठी मराठीत छापलेला मजकूर शंभर वर्षांपूर्वी नियमित निघत होता, हे आज ग्रंथालयशास्त्र शिकणाऱ्या किती विद्यार्थ्यांना सांगितलं जातं?

बडोद्याच्या योजनेतली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे खर्चाची वाटणी. गावानं जेवढी रक्कम जमवली तेवढीच प्रांत पंचायतीनं द्यायची आणि तेवढीच संस्थाननं. तीन सारखे वाटे. गावातल्या लोकांनी आधी स्वतः हात घातल्याशिवाय सरकारी पैसा नाही, आणि गावानं हात घातला की सरकारला मागे हटता येत नाही. इमारतीसाठीही हेच तत्त्व. ज्या खेड्याला एवढंही जमत नव्हतं तिथे फिरती पेटी जाई. लाकडी पेटीत निवडक पुस्तकं, काही महिन्यांसाठी, ने-आणीच्या खर्चासह विनामूल्य. मोतीभाई अमीन यांच्यासारख्या शिक्षकानं गुजराती खेड्यांत मंडळं उभी करून या योजनेत जीव ओतला. पाहता पाहता संस्थानात शेकडो गाववाचनालयं उभी राहिली. संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं, १९६० मध्ये तो मुलूख गुजरातेत गेला, आणि तीन वाट्यांची ती घडी मोडली.

आजच्या महाराष्ट्राच्या भूभागात कोल्हापूर संस्थाननं १९४५ मध्येच ग्रंथालयांचा कायदा केला होता. स्वतंत्र भारतातला पहिला ग्रंथालय कायदा मद्रास प्रांताचा, १९४८ चा. त्यामागे ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांचा आग्रह होता आणि त्यात ग्रंथालय उपकर, म्हणजे ग्रंथालयांसाठी स्थानिक करावर बसवलेला जादा कर, होता. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये संमत झाला, १ मे १९६८ पासून अमलात आला. त्यानं ग्रंथालय संचालनालय दिलं, राज्य ग्रंथालय परिषद दिली, ग्रंथालय निधी दिला, आणि लोकांनी चालवलेल्या वाचनालयांना शासनमान्यता आणि अनुदान दिलं. उपकर मात्र दिला नाही. कर्नाटकानं १९६५ च्या कायद्यात उपकर घातला, केरळनं १९८९ मध्ये, गोव्यानं १९९३ च्या कायद्यात मद्यावर अधिभार लावून वाट काढली. महाराष्ट्रातल्या नगरपालिकेच्या मालमत्ता कराचं बिल काढून पाहावं. शिक्षण कर, वृक्ष कर, अग्निशमन कर असे रकाने त्यावर दिसतात. वाचनालयाचा रकाना नाही.

कायद्याची भाषाही बोलकी आहे. नगरपरिषदांच्या १९६५ च्या अधिनियमात वाचनालय चालवणं हे ऐच्छिक कामांत मोडतं. दिवाबत्ती, पाणीपुरवठा, सफाई ही बंधनकारक. राज्यघटनेच्या ७३ व्या दुरुस्तीनं जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींच्या विषयांमध्ये ‘ग्रंथालये’ हा शब्द स्पष्ट आहे. शहरांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत तो शब्दच नाही. तालुक्याचं गाव ग्रामपंचायतीतून नगरपंचायतीत गेलं की त्याची वस्ती वाढलेली असते, शाळा-कॉलेजं वाढलेली असतात, आणि नेमकं तेव्हाच वाचनालय हा विषय यादीतून गळतो. ही त्रुटी गंभीर आहे आणि तिच्याकडे फारसं कोणी लक्ष दिलेलं नाही.

म्हणून आपल्याकडचं छोट्या गावाचं वाचनालय आज तीन आधारांवर उभं आहे. सभासदांची वर्गणी, शासनाचं अनुदान आणि कार्यकर्त्यांची चिकाटी. राज्यात हजारो शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. अ वर्गासाठी पंधरा हजारांवर ग्रंथ लागतात, ब साठी पाच हजारांवर, क साठी हजारावर. वर्षानुवर्षं ड वर्गाच्या वाचनालयाला वर्षाला ३०,००० रुपये मिळत. पुढे अनुदान साठ टक्क्यांनी वाढलं, तेव्हा ते ४८,००० झाले. यातला निम्मा भाग वेतनावर. म्हणजे त्या वाढीनंतरही ड वर्गाच्या ग्रंथपालाच्या हाती महिन्याला दोन हजार रुपये पडत. एवढ्या पैशात कोण माणूस पूर्णवेळ दार उघडं ठेवील? सेवाशर्ती आणि वेतनश्रेणी मिळावी म्हणून ग्रंथालय कर्मचारी अनेक वर्षं झगडत आहेत. मोर्चे झाले, समित्या झाल्या, अहवाल आले. गावातल्या नागरिकांनी मात्र हा लढा आपला मानला नाही, कारण वाचनालयाचा पगार आपण देतो अशी जाणीवच त्यांना कधी झाली नाही.

अनुदान केवळ वरून येऊ लागलं की काय होतं हे २०१२ च्या पडताळणीत दिसलं. महसूल खात्यानं राज्यभरातली वाचनालयं जाऊन तपासली तेव्हा काही ठिकाणी फलक होता आणि पुस्तकं नव्हती, काही ठिकाणी फलकही नव्हता. त्यानंतर नव्या वाचनालयांना मान्यता देणं थांबलं. काहींच्या कागदी कारभाराची शिक्षा प्रामाणिकपणे काम करणाऱ्यांना झाली. ज्या वाचनालयावर गावाचा स्वतःचा पैसा लागतो तिथे असं सहज होत नाही. तिथे हिशेब विचारणारा माणूस त्याच गल्लीत राहतो.

उपकर हे रामबाण औषध आहे असा दावा इथे नाही. कर्नाटकात पालिकांनी गोळा केलेला ग्रंथालय उपकर खात्याकडे वेळेवर पोचत नाही ही तक्रार जुनी आहे, आणि बंगळुरूत ही थकबाकी मोठी झाली आहे. पण थकबाकी मागता येते. जो पैसा बसवलाच नाही तो मागताही येत नाही. आणि उपकरासाठी मुंबईत कायदा बदलेपर्यंत थांबायची गरज नाही. ऐच्छिक म्हणजे मनाई नव्हे. नगरपरिषदेच्या वार्षिक अंदाजपत्रकात गावच्या वाचनालयासाठी ठरावीक रकमेचं स्वतंत्र शीर्ष ठेवायला आजही कोणी अडवत नाही. काही नगरपरिषदा स्वतःची वाचनालयं चालवतातही. बडोद्याचं सूत्र तिथे वापरता येईल. वाचनालयानं वर्गणी आणि देणगीतून जेवढं उभं केलं तेवढंच नगरपरिषदेनं घालायचं, आणि बदल्यात वाचनकक्ष, बालविभाग आणि घरी पुस्तक नेण्याची सोय गावातल्या कोणालाही विनामूल्य करायची. अनामत रक्कम भरू न शकणाऱ्या घरातल्या मुलासाठी शाळेच्या मुख्याध्यापकाची चिठ्ठी पुरेशी मानायची. दिवाळी अंक योजनेतून बऱ्याच वाचनालयांना चार पैसे मिळतात, ती चालू राहावीच. पण बालविभागाचा खर्च दिवाळी अंकांच्या वर्गणीवर टाकणं गावाला शोभत नाही.

हे सांगण्याची घाई का, याचं कारण आजच्या तालुक्याच्या गावात संध्याकाळी फिरलं की दिसतं. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी शेकडो मुलं-मुली खासगी अभ्यासिकांत महिन्याला पैसे भरून बसतात. लाकडी फळ्यांनी पाडलेले खण, एक दिवा, मोबाईल लावायचा प्लग. त्यांतली बरीच मुलं शेतमजुरांची, ऊसतोड कामगारांची, गिरणीतून आणि कारखान्यातून घरी बसवलेल्या बापांची. घरी एक खोली, त्यात पाच माणसं आणि टीव्ही. त्यांना शांत जागा हवी, चालू महिन्याची मासिकं हवीत, जुनी संदर्भपुस्तकं हवीत, आणि रात्री उशिरापर्यंत दार उघडं हवं. मुलींना परतीच्या वाटेवर दिवे हवेत. गावात शे-सव्वाशे वर्षांचं वाचनालय असूनही ही मुलं तिथे जात नाहीत, कारण ते सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन तास उघडतं. त्याहून जास्त वेळ उघडायला दुसरा माणूस लागतो आणि त्याचा पगार द्यायला वाचनालयाकडे पैसा नाही. काही वाचनालयांनी धडपड करून अभ्यासिका सुरू केल्या आहेत आणि त्या भरलेल्या आहेत. तिथे तयारी करणारी मुलं मधल्या वेळेत कपाटाकडे वळतात, भालचंद्र नेमाडे किंवा गौरी देशपांडे हाताशी लागतात, आणि परीक्षेशी काही संबंध नसलेलं वाचन सुरू होतं, असं त्या वाचनालयांतले ग्रंथपाल आवर्जून सांगतात.

नगरपरिषदांची अंदाजपत्रकं दरवर्षी फेब्रुवारीत सभेपुढे येतात. त्याआधी, डिसेंबर-जानेवारीत, वाचनालयाच्या कार्यकारिणीनं मागच्या तीन वर्षांचा जमाखर्च, सभासदसंख्या आणि दार किती तास उघडं असतं याचा तक्ता घेऊन मुख्याधिकाऱ्यांकडे आणि प्रत्येक प्रभागाच्या नगरसेवकाकडे जावं. सोबत अभ्यासिकेतली चार मुलं-मुली न्यावीत आणि बोलायला त्यांनाच सांगावं. मागणी एकाच गोष्टीची असावी: दुसऱ्या पाळीच्या ग्रंथपालाचा पगार, बारा महिन्यांचा, नगरपरिषदेच्या खात्यातून.